कुंडीतली रानस्ट्रॉबेरी आणि अंगावरच्या गांधी

‘डॉक्टर, तुमच्या पायरीवरच्या कुंड्यांत ती तांबडी-तांबडी कसली फळे लागली आहेत?’ हा प्रश्न गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत मला इतक्या जणांनी विचारला की, एकदा या सदरातच त्याचे सविस्तर उत्तर देऊन टाकावे असे ठरवले. आरोग्याच्या सदरात बागकाम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या कुंड्यांमुळेच माझी एक जुनी चूक माझ्यासमोर आली आणि ती चूक वैद्यकीय होती. अशा चुका घरोघरी होत असतात, म्हणून ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आधी कुंड्यांचे सांगतो, मग चुकीचे.

ही फळे म्हणजे रानस्ट्रॉबेरी. शास्त्रीय नाव फ्रॅगेरिया व्हेस्का. युरोपच्या जंगलांत, डोंगरउतारांवर ती आपोआप उगवते. तिच्यातलाच एक प्रकार आल्प्स पर्वतातला म्हणून ‘अल्पाइन’ स्ट्रॉबेरी या नावाने ओळखला जातो. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीहून ती बरीच वेगळी. फळ करवंदाहूनही लहान, वजन जेमतेम एक ग्रॅम. पण वास असा की, चार पिकलेली फळे वाटीत ठेवली तर ओसरीभर दरवळतो. आणखी एक फरक म्हणजे आपल्याकडच्या स्ट्रॉबेरीला धावत्या फांद्या फुटतात, ज्यांना शेतकरी ‘रनर’ म्हणतात, तशा या अल्पाइन प्रकाराला बहुधा फुटत नाहीत. तिची रोपे बियांपासून करावी लागतात. कुंडीत लावायला हे सोयीचे, कारण वेल पसरून पसारा होत नाही.

थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. आज बाजारात दिसणारी टपोरी स्ट्रॉबेरी जंगलातून आलेली नाही. ती अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये जन्मली. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची काही रोपे घेऊन परतला. जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई असताना त्याने ती जगवली. पुढे बागांमध्ये उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या एका जातीशी त्यांचा संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी तयार झाली. हा सगळा प्रकार उलगडून दाखवला तो दुशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७६६ साली. त्याआधी शेकडो वर्षे युरोपातले लोक खात होते ती हीच बारीक रानस्ट्रॉबेरी. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला आली ती मात्र मोठ्या फळांची, आणि तिने तिथे असे काही बस्तान बसवले की २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून लोक जातात, पण जाताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबते ती स्ट्रॉबेरीसाठीच!

माझी रानस्ट्रॉबेरीशी पहिली ओळख झाली २०११ च्या जूनमध्ये. मी आणि सौ. मनालीला गेलो होतो. देवदारांच्या रानात चढण चढून दम लागला म्हणून बसलो, तर गवतात लाल ठिपके दिसले. एक स्थानिक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिने चार फळे खुडून सौ.च्या हातावर ठेवली. ही हिमालयातली रानस्ट्रॉबेरी, याच कुळातली. तिचे फूल पांढरे. तिथेच जवळ पिवळ्या फुलांच्या रोपाला तशीच लाल फळे होती. ती बाई हसून म्हणाली, ‘वो मत खाओ, उसमें कुछ नहीं है.’ मी हट्टाने एक खाल्ले. विषारी नव्हते, पण चवीला नुसते पाणी. पुढे वाचल्यावर समजले की या फसव्या स्ट्रॉबेरीला वनस्पतिशास्त्रात त्या दुशेनचेच नाव देण्यात आले होते. बिचाऱ्याने खऱ्या स्ट्रॉबेरीचे कोडे सोडवले आणि नाव मिळाले खोटीला.

असो. मी २०१९ साली दवाखाना बंद केला. अडतीस वर्षे वाईत रोगी तपासले, आणि एके दिवशी सकाळी उठून काय करायचे हेच कळेना. रक्तदाब वाढला, झोप उडाली. इतरांना ‘काहीतरी छंद लावून घ्या’ असे सांगणे किती सोपे असते, ते तेव्हा समजले. बरेच दिवस पेपर आणि टीव्ही यांत काढल्यावर मनालीची ती चव आठवली आणि २०२२ साली एका बियाणे विक्रेत्याकडून टपालाने अल्पाइन स्ट्रॉबेरीचे पाकीट मागवले. (परदेशातल्या नातेवाइकांकडून बी सामानात लपवून आणू नये. वनस्पतींवरचे रोग बियांबरोबर येतात आणि त्यासाठी २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना व तपासणी लागते. आपल्या तालुक्यात किती घरे स्ट्रॉबेरीवर चालतात ते आपण जाणतोच.)

पहिल्या वर्षी सगळे बी वाया गेले. मेथी पेरतात तसे मी ते मातीत पेरून वरून बोटभर माती लोटली. दोन महिने झारीने पाणी घातले. एकही कोंब आला नाही. नंतर कळले की हे बी राजगिऱ्याहून बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो. मातीखाली गाडले की संपले.

दुसऱ्या वर्षी नीट केले. ते जसे केले तसे सांगतो, म्हणजे तुमचे पाकीट वाया जाणार नाही.

श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, तळाला दाभणाने भोके पाडली. निम्मे कोकोपीट, पाव भाग चाळलेली लाल माती, पाव भाग जुने गांडूळखत असे मिश्रण भरून ओलसर केले. त्यावर बी नुसते भुरभुरले आणि बोटाने हलके दाबले. वर माती घातली नाही. झाकण लावले, खाली पाणी गळू नये म्हणून ताटली ठेवली आणि डबा तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिजरमध्ये नव्हे, खालच्या कप्प्यात. थंड प्रदेशातले बी हिवाळा उलटल्याखेरीज जागे होत नाही. आपण त्याला फ्रिजमध्ये खोटा हिवाळा दाखवायचा. आमच्या नातवाने श्रीखंड म्हणून डबा उघडला आणि चमचाही घातला. त्या प्रसंगानंतर सौ.ने डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘माती’ अशी चिठ्ठी लावली.

ऑगस्टच्या सुरुवातीला ठेवलेला डबा विसाव्या-एकविसाव्या दिवशी बाहेर काढला. झाकणाऐवजी प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद लावला आणि डबा खिडकीत ठेवला. ऊन थेट नको, उजेड भरपूर हवा. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. ते इतके बारीक असतात की वरून पाणी ओतले तर वाहून जातील. म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत दहा मिनिटे ठेवावा, तळाच्या भोकांतून माती आपोआप ओली होते. रोपाला तीन-चार तिहेरी पाने आली की काढून आठ इंची कुंडीत एकेक लावावे. लावताना एक काळजी घ्यावी. रोपाच्या मध्यावर जिथून पाने फुटतात तो गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर रोप कुजते.

माती किंचित आंबट लागते. आपल्याकडची काळी चिकट माती त्याला मानवत नाही. सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली ही उत्तम जागा. माझ्या कुंड्या पूर्वेच्या पायऱ्यांवर आहेत. जानेवारीत पांढरी फुले आली आणि फुलापासून साधारण महिन्याने, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, पहिली फळे पिकली. फळ पूर्ण लाल झाले की नुसता हात लावताच देठाची टोपी झाडावर ठेवून निघून येते. ओढावे लागले तर समजावे की अजून कच्चे आहे, आणि कच्चे फळ बेचव लागते. तोडलेले फळ संध्याकाळपर्यंत मऊ पडते. बाजारात हे का येत नाही, ते यावरून समजेल.

बुलबुल हा या पिकाचा खरा मालक. आपण उठण्याआधी तो एक फेरी मारून जातो. या फळाचा पांढरट पिवळा प्रकारही मिळतो. तो पिकला तरी लाल होत नसल्याने पाखरांच्या लक्षात येत नाही. पानांच्या खाली लाल कोळी दिसला तर पाण्याचा फवारा मारून पाने खालून धुवावीत, फार झाल्यास निंबोळी तेल. घरात मुले तोडून थेट तोंडात टाकणार असल्याने कुंडीवर दुसरे औषध मारू नये.

खोटी आशा दाखवत नाही. एप्रिल-मेमध्ये वाईच्या उन्हाने माझ्या चौदा रोपांतली नऊ गेली. पाच वाचली, तीही न्हाणीघराच्या भिंतीलगत, आंब्याच्या सावलीत. त्यांतली दोन पावसाळ्यात कुजली. पाचगणीच्या थंडाव्यात उन्हाळा सोपा, पण तिथला पाऊस जास्त, तेव्हा जूनपासून कुंड्या पागोळ्यांखालून आत घ्याव्यात. सातारा, कराड, फलटणकडच्या वाचकांनी हे वर्षभराचे झाड न समजता हिवाळी पीक समजावे. ऑगस्टमध्ये बी, मार्चपर्यंत फळे, आणि पुढे जगले तर नशीब.

आता आरोग्याकडे. चौदा रोपांपासून मला भर हंगामात दोन-तीन दिवसांतून एक लहान वाटी फळे मिळत. एवढ्यावर कोणाचे पोषण होत नाही. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ३२ कॅलरी, ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि दोन ग्रॅम तंतू असतात. क जीवनसत्त्वच हवे असेल तर आपला पेरू तिच्या कितीतरी पुढे आहे आणि स्वस्तही. मधुमेह असणाऱ्यांना सात-आठ स्ट्रॉबेरी खायला सहसा हरकत नसते, कारण शंभर ग्रॅममध्ये साखर पाच ग्रॅमच्या आसपासच. पण त्यावर साय, साखर किंवा क्रश ओतला की तो हिशेब संपला. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याची अशी श्रद्धा होती की रानस्ट्रॉबेरी भरपूर खाल्ल्याने त्याचा संधिवात, ज्याला आपण युरिक ॲसिडचा गाऊट म्हणतो तो, बरा झाला. एका माणसाच्या अनुभवावरून औषध ठरत नाही, मग तो माणूस लिनियस का असेना. युरिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करून कोणी स्ट्रॉबेरीच्या मागे लागू नये. माझा रक्तदाब उतरला तो फळांमुळे नव्हे, पहाटे उठून कुंड्यांपाशी उकिडवे बसण्यामुळे आणि रात्री झोप लागण्यामुळे, असे माझे मत आहे.

‘तुम्हीच सांगितलं’

त्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. त्यांची नात त्यांच्यापाशीच वाढलेली, तेव्हा तेरा वर्षांची. शाळेत जाताना ती रोज माझ्या पायऱ्यांपाशी थांबे. कुंड्यांना पाणी घालायचे काम तिने आपण होऊन घेतले होते. बुलबुलासाठी जुन्या सीडी दोऱ्याला बांधून टांगायची युक्तीही तिचीच. पहिली तीन फळे पिकली तेव्हा ती तळहातावर ठेवून मी तिच्यापुढे केली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

‘मला नाही चालत, डॉक्टर आजोबा. मला स्ट्रॉबेरीची ॲलर्जी आहे.’

‘कोणी सांगितलं तुला?’

‘तुम्हीच.’

मला काही आठवेना. संध्याकाळी आजींच्या घरी गेलो. त्यांनी कपाटातून कापडी पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, पोरीची पत्रिका, लस टोचल्याचे कार्ड आणि माझ्या दवाखान्याचा पिवळा पडलेला केसपेपर होता. अक्षर माझेच. जानेवारी २०१५, वय चार वर्षे. तीन दिवस ताप, सर्दी, घसा लाल. काल संध्याकाळी स्ट्रॉबेरी खाल्ली. आज सकाळपासून अंगभर गांधी. खाली औषधे. त्याखाली दोनदा रेघ मारून लिहिले होते, ‘ॲलर्जी. स्ट्रॉबेरी कायमची बंद.’ पाच दिवसांनंतरची आणखी एक नोंद होती, ‘गांधी अजून येतात-जातात.’

मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. ओसरीवर दहा-पंधरा रोगी बसलेले असावेत आणि मला घाई असावी. आई म्हणाली असेल, ‘काल स्ट्रॉबेरी खाल्ली होती,’ आणि मी ते उचलून धरले.

पण पुढचे ऐकल्यावर मी खाली बसलो. या मुलीचे आई-वडील पाचगणीच्या वरच्या अंगाला स्ट्रॉबेरीचीच शेती करतात. दोन एकर. हंगामात घरात क्रेट, अंगणात क्रेट, आईच्या हाताला-पदराला त्याचाच वास. डॉक्टरांनी ‘कायमची बंद’ म्हटलेले. घाबरून त्यांनी पुढच्या हंगामापासून पोरीला वाईला आजीकडे ठेवले आणि इथल्याच शाळेत घातले. आई रविवारी भेटायला यायची, ती आधी आजीच्या न्हाणीत अंघोळ करून, लुगडे बदलून मगच लेकीला जवळ घ्यायची. दिवाळीला मुलगी घरी जायची, कारण तेव्हा फळ नुकते सुरू होत असते. भर हंगामात, डिसेंबर ते एप्रिल, नऊ वर्षांत ती एकदाही आपल्या घरात राहिली नव्हती. आणि हे सगळे माझ्या घरापासून सहा दारे सोडून चालले होते.

चूक कुठे झाली

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात. पित्त म्हटले की आंबट खाल्ल्याचा संशय येतो. मग लिंबू, दही, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांच्यावर आळ. गंमत अशी की, उपाय म्हणून आपण आमसुलाचे पाणी लावतो, तेही आंबटच! (ते लावल्याने गार वाटते, लावायला हरकत नाही.) या गांधींचा आणि पोटातल्या आम्लपित्ताचा तसा संबंध नाही. त्वचेतल्या काही पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते, त्याने खाज येते आणि गाठीसारखी सूज उठते. ते सुटण्याची कारणे अनेक. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या गांधींचे सर्वांत नेहमीचे कारण खाणे नसून विषाणूंचा साधा ताप, सर्दी, घसादुखी हे असते. मग आई-वडील ‘काल काय खाल्ले’ ते आठवू लागतात, आणि काल काहीतरी खाल्लेले असतेच.

अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीची ओळख वेगळी. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास सुरू होतो. एका रात्रीनंतर सहसा नाही. या मुलीने संध्याकाळी खाल्ले आणि गांधी उठल्या सकाळी. अन्नामुळे उठलेल्या गांधी बहुधा दिवसभरात विरतात. हिला एकदा खाल्ल्यावर पाच दिवस येत-जात होत्या, म्हणजे त्या तापाच्या असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ पुन्हा पोटात गेल्यावर पुन्हा त्रास होतो. मी आजींना विचारले, मधल्या काळात चुकून कधी पोटात गेली का? त्या ओशाळून म्हणाल्या, ‘लग्नात आइस्क्रीम खाल्लं व्हतं तिनं, गुलाबी. मागनं कळलं. काय झालं न्हाई, देवाची किरपा.’ आइस्क्रीमात खरे फळ किती असते कोण जाणे, आणि शिजवलेल्या फळाने त्रास न होता ताज्या फळाने होऊ शकतो. तेव्हा एवढ्यावरून निर्णय करता येत नव्हता. पण तीन गोष्टी केसपेपरवर माझ्याच अक्षरांत लिहिलेल्या होत्या आणि त्या तीनही मी तेव्हा वाचल्या नव्हत्या.

आणखी एक बाब पालकांना ठाऊक असावी. काही मुलांना स्ट्रॉबेरी, टोमॅटो, अननस खाल्ल्यावर फक्त ओठांभोवती, जिथे रस लागला तिथे लाली येते आणि तोंड धुतल्यावर तासाभरात जाते. हा बहुधा रसातल्या आंबटपणाचा त्वचेला होणारा त्रास असतो. त्यावरून मुलावर ॲलर्जीचा शिक्का मारू नये.

याउलट, खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा मूल गळून पडले, तर आमसूल, गोळी, दृष्ट काढणे यांत एक मिनिटही घालवू नये. जवळच्या दवाखान्यात न्यावे. तिथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि ते लवकर मिळाले तर जीव वाचतो. शेंगदाणे, काजू, अंडे, दूध, मासे, कोळंबी यांच्याबाबत हे अधिक पाहायला मिळते. स्ट्रॉबेरीने होणे विरळ, पण होतच नाही असे नाही.

म्हणूनच त्या संध्याकाळी माझी जवळजवळ खात्री झालेली असूनही मी मुलीच्या हातावर फळ ठेवले नाही. एकदा घाईने लिहिले होते, आता घाईने खोडायचे नव्हते. वाचकांनाही हेच सांगतो. घरी ‘थोडेसे देऊन बघू’ हा प्रयोग करू नका.

मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. मी चुकलो असण्याची शक्यता आहे, हे त्यांना सांगताना मला माझ्याच खुर्चीत नीट बसवेना. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘साहेब, तुमी लिवलं म्हनून आमी पाळलं.’ त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

मार्चमध्ये आम्ही चौघे पुण्याला ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे गेलो. जाण्याआधी काही दिवस सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी फसते. हातावर ताज्या फळाचा रस लावून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा मिनिटांनी गांध उठते का पाहतात. उठली नाही. इथे एक सांगितले पाहिजे. या चाचणीत गांध उठली म्हणजे ॲलर्जी आहेच असे नसते, आणि नुसत्या रक्ततपासणीची लांबलचक यादी हातात घेऊन डाळ, वांगे, दूध सगळे बंद करणारी माणसेही मी पाहिली आहेत. खरा निवाडा होतो तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेसमोर पदार्थ खाऊ घालून. औषधे आणि प्राणवायू हाताशी ठेवून हरभऱ्याएवढा तुकडा देतात, पंधरा-वीस मिनिटे थांबतात, मग थोडा मोठा, असे करत पूर्ण वाटीपर्यंत जातात आणि नंतर दोन तास बसवून ठेवतात.

वडिलांनी फळे आपल्याच शेतातली नेली होती, पाटीत गवतावर ठेवून. पहिला तुकडा मुलीने डोळे मिटून गिळला. चौथ्या खेपेला तिने विचारले, ‘अजून एक घेऊ?’ तेव्हा परिचारिका हसली. दोन तास झाले. काही झाले नाही. तज्ज्ञांनी कागदावर लिहून दिले, ‘स्ट्रॉबेरी खाण्यास हरकत नाही.’

परतताना खंबाटकी घाटात मुलीला झोप लागली. आई खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने ती एवढेच म्हणाली, ‘नऊ वर्षं, साहेब.’ मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

तुमच्या घरातही कोणाच्या कागदावर असा जुना शेरा असेल. तो कोणी, कधी, कशावरून लिहिला ते पाहा. खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला, तेव्हा ताप किंवा नवे औषध चालू होते का, पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झाले का, हे आठवून कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. एखादे औषध घेतल्यावर गांधी उठल्या म्हणून ‘अमुक औषध नको’ असा शेरा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवावा. मात्र तपासणी होईपर्यंत तो पाळावा. आणि माझ्या तरुण व्यवसायबंधूंना विनंती, ‘कायमचे बंद’ हे शब्द लिहिताना पेन एकदा खाली ठेवा.

मुलगी वाईतले ते वर्ष पुरे करून जूनमध्ये गावी परत गेली. आता तिकडच्याच शाळेत जाते. गल्लीच्या टोकाला आजी मात्र एकट्या पडल्या. नात घरी गेली याचा त्यांना आनंद आहे, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर घर खायला उठते, असे त्या सौ.ला सांगत होत्या. आता सकाळी त्याच माझ्या कुंड्यांना पाणी घालायला येतात आणि बुलबुलाला शिव्या देतात.

जाताना मी मुलीला नव्या पेरणीतली पाच रोपे देण्याचे कबूल केले होते. त्याप्रमाणे ऑक्टोबरात पाठवली. तिच्या वडिलांनी एक फळ चाखून पाहिले म्हणे आणि म्हणाले, वास झकास आहे, पण ह्याचा क्रेट भरायला वर्ष लागेल. तिने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, ‘आजोबा, तीन कुजली. दोन आहेत. त्यांतल्या एकाला फूल आलंय, ठेवू का खुडू?’

ठेव म्हणालो.